झिनफँडेल, शेंगाचटणी आणि आपला ढोंगीपणा

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही हे तुम्हाला ठरवता येईल. वाईन ही दारूच आहे. साधारण बारा-तेरा टक्के अल्कोहोल असलेली, चढणारी, जास्त झाली तर दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसवणारी दारू. आणि मला ती आवडते. त्यातही रांगडी, फळांनी भरलेली, खिशाला परवडणारी झिनफँडेल जरा जास्तच आवडते. या दोन गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी खऱ्या कशा वाटू शकतात असा प्रश्न पडला असेल, तर मंडळी, हे सगळं तुमच्यासाठीच खरडलंय.

मी मूळचा करमाळ्याचा. कमळाभवानीचं देऊळ, ९६ पायऱ्यांची विहीर आणि उजनीच्या पाण्यावर वाढणारा ऊस नि केळी, एवढ्या भांडवलावर आमच्या तालुक्याची ओळख चालते. इंजिनियरिंग करून पुण्यात आयटीला चिकटलो. तेव्हापासून वाईन या विषयावर दोन प्रकारची माणसं भेटत आली आहेत. पहिला प्रकार हापिसात, शुक्रवारच्या टीम डिनरला. दुसरा प्रकार जेऊरला गाडीतून उतरून वडापनं गावी पोचलो की. पहिल्याला वाईन म्हणजे फार थोर गोष्ट वाटते, दुसऱ्याला फार वाईट. आणि माझं म्हणणं असं की दोघंही वाईनबद्दल बोलतच नसतात. पहिला स्वतःच्या पगाराबद्दल बोलत असतो आणि दुसरा 'लोक काय म्हणतील' याबद्दल.

आधी पहिल्याचा समाचार घेऊ.

"झिनफँडेल? ती तर नवशिक्यांची वाईन!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता तोंडपाठ झालंय. बोलणारा बहुतेक वेळा नुकताच ऑनसाइट जाऊन आलेला असतो. ग्लास दांडीला धरतो, तीनदा गोल फिरवतो, नाक आत खुपसतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, "लेदर." अरे लेका, लेदर? कोल्हापुरी चप्पल कधी चाखून पाहिली होतीस का? :)

आता ग्लास फिरवण्यात काही चूक नाही. फिरवल्यावर वाईन हवेशी मिसळते, वास मोकळा होतो, हे साधं रसायनशास्त्र आहे. गंमत पुढं आहे. याच माणसाला एक सोपी परीक्षा द्यायला सांगा. तीन एकसारखे ग्लास घ्या, दोनांत एक वाईन आणि तिसऱ्यात दुसरी ओता, बाटल्या झाका आणि वेगळा ग्लास कुठला ते ओळखायला सांगा. खाद्यपदार्थांच्या प्रयोगशाळांत ही 'ट्रँगल टेस्ट' नेहमी वापरतात. आपण सॉफ्टवेअरवाले टेस्ट केल्याशिवाय एक ओळ पुढं सरकवत नाही, पण चार हजारांच्या बाटलीवर मात्र लेबल वाचून विश्वास ठेवतो. त्या चार हजारांतले किती रुपये द्राक्षाचे नि किती सरकारचे, हेही कुणी विचारत नाही. परदेशी वाईनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं १५० टक्के आयात शुल्क होतं. २०२२ च्या ऑस्ट्रेलियाबरोबरच्या करारापासून ते काही बाटल्यांवर कमी व्हायला लागलं. म्हणजे तुम्ही ज्याला 'क्वालिटी' म्हणत होतात त्यातला मोठा हिस्सा कस्टम्सचा होता. कस्टम्सला चव नसते.

बरं, ही 'नवशिक्यांची' वाईन आहे तरी कुठली? तिचं चरित्र वाचलं तर नाक मुरडायची हिंमत होणार नाही. कॅलिफोर्नियात सोनं सापडलं, लोकांची झुंबड उडाली, आणि १८५० नंतर तिथं हे द्राक्ष लावलं जाऊ लागलं. अमेरिकन लोकांनी ते आपलंच म्हणून मिरवलं. पण ते आलं कुठून याचा पत्ता कुणालाच नव्हता. नव्वदच्या दशकात डेव्हिसच्या विद्यापीठात कॅरोल मेरेडिथ या बाईंनी डीएनए तपासून दाखवलं की इटलीच्या टाचेकडचं प्रिमितीवो आणि झिनफँडेल एकच. मग क्रोएशियातल्या संशोधकांना सोबत घेऊन शोध सुरू झाला, आणि २००१ मध्ये स्प्लिट शहराजवळच्या एका जुन्या मळ्यात त्याच द्राक्षाचे मोजके वेल सापडले. तिथलं नाव त्सर्ल्येनाक काश्तेलान्स्की. म्हणजे युरोपात मुळावर येऊन ठेपलेलं द्राक्ष परमुलखात जाऊन नाव बदलून भरभराटीला आलं. आयटीतल्या माणसाला तरी ही कथा ओळखीची वाटायला हवी.

स्वभावही अगदी गावाकडचा आहे. एकाच घडात काही मणी हिरवे, काही पिकलेले आणि काही सुकून मनुका झालेले असतात. त्यामुळे साखर भरपूर चढते आणि साखर जास्त म्हणजे अल्कोहोल जास्त. कॅलिफोर्नियातली झिनफँडेल चौदा-पंधरा टक्क्यांना सहज पोचते. तिची थट्टा सुरू झाली ती 'व्हाइट झिनफँडेल'मुळे. १९७५ मध्ये सटर होम या वायनरीत एका टाकीतलं किण्वन मध्येच अडकलं, साखर शिल्लक राहिली आणि गोडसर गुलाबी वाईन तयार झाली. लोकांनी ती डोक्यावर घेतली. रसिकांनी नाकं मुरडली. पण त्या गुलाबी पाण्याच्या खपामुळेच झिनफँडेलचे कितीतरी जुने मळे उपटले जाण्यापासून वाचले. आज त्याच जुन्या वेलींच्या रेड वाईनला रसिक लोक जपून जपून पितात. असो.

आपल्याकडे ती आणली नाशिकच्या सुलानं. राजीव सामंत कॅलिफोर्नियात ओरॅकलमध्ये नोकरी करत होते, ती सोडून नाशिकला आले आणि २००० मध्ये त्यांच्या पहिल्या वाईन बाजारात आल्या. पुढं झिनफँडेल आली. नाशिकची रेड झिनफँडेल कॅलिफोर्नियाइतकी दणकट नाही, जरा हलकी आणि रसाळ आहे. हजाराच्या आसपास बाटली मिळते, फिरकीचं झाकण असतं, बूच काढायचं नाटक नाही. वर्षानुवर्षं जपायचीही नसते, आणली की प्यायची.

फक्त एक करा. ती 'रूम टेंपरेचर'ला प्यायची असते हे डोक्यातून काढून टाका. ज्यांनी हा नियम केला त्यांच्या खोलीत सोळा-अठरा अंश तापमान असायचं. करमाळ्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्या 'रूम टेंपरेचर'ला कुठलीही रेड वाईन म्हणजे काढा. फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवा, मग ओता. आणि दुकानात उन्हाच्या काचेशी मांडलेली बाटली घेऊ नका, ती आधीच शिजलेली असते. एवढी दोन पथ्यं पाळली तर हजारातली बाटली चार हजारांतल्या उकळलेल्या बाटलीला खुशाल हरवेल.

आता चवीचं. लेबलवर छापलेलं असतं 'ब्लॅकबेरी, प्लम, सीडर'. मला सांगा, आपल्यापैकी किती जणांनी ब्लॅकबेरी झाडावरून तोडून खाल्ली आहे? सीडरचं लाकूड कुणाच्या घरी होतं? हे शब्द खोटे नाहीत, पण ते दुसऱ्याच्या बालपणातले आहेत. चव ही आठवणीशी जुळवावी लागते. ज्याची आठवणच नाही ते कसं जुळणार? मग माणूस घाबरतो, आपल्याला काही कळत नाही असं समजतो, आणि ज्याला इंग्रजी शब्द येतात त्याच्या मागं मान डोलावतो. झिनफँडेलचा घोट तोंडात धरून बघा. पिकलेलं जांभूळ आहे. करवंदाचा चीक नाही, पण करवंदाचा आंबटगोडपणा आहे. मागून काळी मिरी येते, थोडी दालचिनी. शेवटी मनुकांच्या बरणीचं झाकण उघडल्यासारखा वास. टाळूला जे हलकं आवळल्यासारखं होतं, कोवळा पेरू किंवा सुपारी खाल्ल्यावर होतं तसं, ते टॅनिन. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतं. रेड वाईनचा रंगही सालीतूनच येतो, आतला गर बहुतेक सगळ्या काळ्या द्राक्षांचा पांढुरकाच असतो.

माझी आई भाकरीच्या पहिल्या घासाला सांगते की ज्वारी मालदांडी आहे की दुसरी. आमची आत्या गुळाचा खडा जिभेवर ठेवून यंदाचा की गेल्या वर्षीचा ते ओळखते. या बायकांना 'पॅलेट' हा शब्द माहीत नाही, पण टीम डिनरच्या टेबलावरच्या सगळ्यांपेक्षा त्यांची जीभ तयार आहे. चाखणं ही श्रीमंतांची विद्या आहे हा समज ज्यांनी पसरवला त्यांचा मला खरा राग आहे. ती लक्ष देणाऱ्याची विद्या आहे. लक्ष द्यायला पैसे पडत नाहीत.

आणि जेवण? 'वाईनबरोबर चीज' हे ज्यांचं जेवण आहे त्यांनी खावं. आपल्याकडे झिनफँडेलला भरलं वांगं आहे, त्यातलं शेंगदाण्याचं कूट टॅनिन मऊ करतं. काळ्या मसाल्यातलं सुकं मटण आहे. कडक भाकरी नि शेंगाचटणी तर आहेच. फक्त झणझणीत रस्सा वाटीनं पिणार असाल तर वाईन बाजूला ठेवा. अल्कोहोलनं तिखट आणखी भडकतं, मग दोघांचीही मजा जाते. त्याला ताकच बरं.

आता दुसऱ्या प्रकाराकडे येतो. इथं मात्र मी हसून सोडणार नाही.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारनं १००० चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं. राज्यभर गदारोळ झाला. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, हरकती मागवल्या गेल्या, आणि तो निर्णय काही प्रत्यक्षात उतरला नाही. त्या दोन-तीन आठवड्यांत दोन्ही बाजूंनी इतकं खोटं बोललं गेलं की ऐकवत नव्हतं.

बाजू घेणारे म्हणाले, वाईन म्हणजे दारू नाही. इंजिनियर आहे, आकडेमोड करून सांगतो. क्वार्टर म्हणजे १८० मिली, ४२.८ टक्के. त्यात शुद्ध अल्कोहोल भरतं साधारण ६१ ग्रॅम. वाईनची बाटली ७५० मिली, तेरा टक्के धरा. अल्कोहोल भरतं साधारण ७७ ग्रॅम. म्हणजे रविवारच्या ब्रंचला एक बाटली एकट्यानं संपवणारा माणूस सव्वा क्वार्टर लावून उठतो, आणि जाताना नाक्यावरच्या क्वार्टरवाल्याकडे तुच्छतेनं बघतो! यकृताला इंग्रजी कळत नाही. दीडशे मिलीचा एक ग्लास म्हणजे पंधरा ग्रॅम, एवढा हिशोब लक्षात ठेवा. आणि 'हृदयाला चांगली असते' हेही आता बस करा. १९९१ च्या आसपास अमेरिकन टीव्हीनं फ्रेंच लोकांच्या हृदयाची गोष्ट सांगितली आणि सगळ्या जगानं ती सोयीस्करपणे पाठ केली. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये सरळ सांगितलं की दारूचं निर्धोक असं कुठलंच प्रमाण नाही. मी वाईन पितो ती आवडते म्हणून. औषध हवं असतं तर मेडिकलमध्ये गेलो असतो.

दुसरं खोटं 'शेतकऱ्यांसाठी' हे. आमच्याच जिल्ह्यात, माढा आणि भीमा ओलांडली की माळशिरस तालुका लागतो. तिथं अकलूजच्या मोहिते-पाटील बंधूंनी, दिल्लीच्या सेखरी बंधूंनी आणि इटलीच्या सेच्ची बंधूंनी मिळून फ्रातेल्ली उभी केली. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. टस्कनीचे पिएरो मासी वाईन करायला आले. सोलापूरच्या उन्हात सांजोवेसे पिकते, आणि चांगली पिकते. मला याचा अभिमान आहे, उगाच लपवत नाही. पण यावरून 'वाईन प्या, शेतकरी वाचवा' हे गणित जुळत नाही. आमचे दाजी पंढरपूरकडचे, द्राक्षाचे जुने बागायतदार. त्यांना मी विचारलं होतं, वाईनचं द्राक्ष का नाही लावत म्हणून. ते म्हणाले, "पाव्हणं, कंपनीनं नाही उचललं तर ते विकायचं कुठं? मणी बारका, साल जाड, आत बिया. पेटीत जात नाही आन् बेदाणाबी व्हत नाही. आमचं टेबलचं द्राक्ष पडलं तर निदान रॅकवर तरी टाकता येतं."

संपला विषय! सोलापूर-सांगलीतला बहुतेक शेतकरी खायचं आणि बेदाण्याचं द्राक्ष करतो. ते वेगळं, वाईनचं वेगळं. आणि ज्यांनी वाईनचं लावलं त्यांचं काय झालं तेही आठवा. २००८ च्या मंदीनंतर मागणी कोसळली, एके काळची देशातली सगळ्यात मोठी कंपनी, नारायणगावची इंडेज, कर्जात बुडाली, आणि नाशिककडे कित्येकांनी वाईनच्या बागा उपटून टाकल्या. राज्यात वाईनवर २० टक्के व्हॅट आणि त्यातला १६ टक्के परत, अशी प्रोत्साहन योजना आहे. तो परतावा उत्पादकाला मिळतो. त्यातला किती बांधावर पोचतो हे विचारा, मग शेतकऱ्याचं नाव घ्या.

विरोध करणाऱ्यांचं खोटं वेगळ्या जातीचं. ज्या राज्यात दारू प्यायला १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो, आणि त्याच राज्याची तिजोरी दारूच्या महसुलावर भरते, तिथं संस्कृती बुडते ती म्हणे सुपरमार्केटातल्या एका कप्प्यामुळे! तालुक्याच्या कुठल्याही गावी जाऊन बघा. परमिट रूमला काळ्या काचा, आत झिरोचा बल्ब. माणूस रुमालानं तोंड पुसत आत शिरतो. ओळखीचं कुणी यायच्या आत संपवायचं असतं, म्हणून उभ्या उभ्या, पाणी न घालता, वीस मिनिटांत क्वार्टर. पोटात अन्न नाही. मग घरी. घरी काय होतं हे ज्यांच्या घरी होतं त्यांना विचारा. आमच्या गल्लीत असं एक घर होतं. त्या घरातली माउली रात्री पोरांना घेऊन आमच्या ओसरीवर येऊन बसायची. तिला मी वाईनचं सांस्कृतिक महत्त्व समजावून सांगावं का?

म्हणूनच पुण्यातले माझे मित्र जेव्हा गावाकडच्या 'आडवी बाटली'च्या मतदानाची टर उडवतात तेव्हा माझं डोकं सटकतं. ज्या बायका रांगेत उभं राहून दारूचं दुकान बंद करायला मत देतात त्या मागास नाहीत. त्यांनी हिशोब मांडलेला आहे आणि तो आपल्या हिशोबापेक्षा खरा आहे. त्यांच्या गावात बाटली आडवी झाली तर मी टाळ्याच वाजवीन. माझी झिनफँडेल मला पुण्यात मिळते, माझं काही अडत नाही.

पण दारूबद्दलची लाज आणि दारूचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण फक्त लाजेची व्यवस्था केलीय. काळ्या काचा, पडदे, चतुर्थीला नाही नि मंगळवारी नाही, देवीच्या गावात नाही पण वेशीबाहेर चालतंय. या सगळ्यानं पिणारा एक थेंबही कमी पीत नाही, फक्त घाईत पितो. चव घ्यायची तर वेळ लागतो, उजेड लागतो, समोर ताट लागतं आणि बोलायला घरचं माणूस लागतं. यातली एकही गोष्ट परमिट रूममध्ये नाही. सवलतीच्या ब्रंचलाही नाही, तिथं 'अनलिमिटेड' लिहिलेलं असतं. करमाळ्याची परमिट रूम आणि पुण्याचं अनलिमिटेड ब्रंच ही एकाच रोगाची दोन रूपं आहेत, बिल तेवढं वेगळं.

"मग काय, सगळ्यांनी झिनफँडेल प्यावी का?" मुळीच नाही. जो पीत नाही त्यानं सुरू करायचं काहीएक कारण नाही. ज्याच्या घरात दारूनं नासधूस केलीय त्यानं लांबच राहावं. ज्याला एका ग्लासावर थांबता येत नाही त्यानं तर हात जोडून लांब राहावं. उरले ते आपल्यासारखे, जे पिणारच आहेत. त्यांच्याशी माझं भांडण आहे. बाटली चौघांत उघडा, जेवणाबरोबर उघडा, घरच्यांसमोर उघडा. त्यांच्यासमोर उघडता येत नसेल तर का येत नाही याचा विचार करा. बहुतेक वेळा उत्तर वाईनमध्ये नसतं, आपण आजवर काय लपवलं त्यात असतं. लेबल झाकून चाखा. जांभूळ वाटलं तर मोठ्यानं जांभूळ म्हणा, टेबलावर कुणी 'लेदर' म्हणत असला तरी. वाहन चालवायचं असेल तर पिऊ नका, हे वेगळं सांगायला लागू नये.

आमच्या अप्पांनी मला एकदा विचारलं, "त्यात असतं तरी काय रे एवढं?" मी म्हटलं, द्राक्षाचा रस आंबवलेला, तेरा टक्के दारू, आणि थोडी मिरी. ते म्हणाले, "मग दारू म्हण की सरळ." म्हटलं, दारूच म्हणतोय अप्पा. त्यावर त्यांनी ग्लासाचा नुसता वास घेतला, "जांभळावानी येतोय" म्हणाले, आणि ताकाचा पेला उचलला. त्यांनी घोट घेतला नाही. मीही आग्रह केला नाही. आमच्या घरात या विषयावर झालेलं हे पहिलं सरळ बोलणं होतं, आणि ते चार हजारांच्या बाटलीवर झालं नाही.